मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. मोठे चित्रकार लिहितात म्हणे, आणि मी आज दुपारी तीन वाजल्यापासून मोठा चित्रकार आहे. त्याआधीची सव्वीस वर्षं मी 'येथे वाहने उभी करू नयेत' आणि 'कुत्र्यापासून सावध' ही अजरामर वाक्यं रंगवत होतो. प्राणी म्हणाल तर आयुष्यात एकच काढला. दूधवाल्याच्या पाटीवर गाय. तिला बघून लोक त्याला विचारत, कुत्र्याचं नाव काय?

टेकडीखालच्या चर्चचे फादर स्वतः घरी आले. चर्चच्या आतल्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचं मोठं चित्र आहे. ओल येऊन ते जवळजवळ सगळं गेलंय. २ मार्चला बिशप येणार, त्याआधी ते नव्यानं रंगवून हवं. "तुमचं नाव एका जाणकारानं सुचवलं," ते म्हणाले. कोण ते मी विचारलं नाही. माझी कीर्ती पसरली असेल, तर उगाच चौकशी करून ती आखडायची कशाला?

खरं सांगायचं तर मी घाबरलोय. पाट्या आता यंत्रं छापतात. गेल्या वर्षभरात माझ्या वाट्याला दोन शटरं आणि एक काच आली. हिच्या मावसभावानं गोदामात रखवालदाराची जागा माझ्यासाठी मार्चपर्यंत धरून ठेवलीय. मी हिला सांगून टाकलं, ही भिंत जमली तर ब्रश, बिघडली तर शिट्टी. ही म्हणाली, "शिट्टी तरी नीट वाजवता येते का?" आणि भाजी चिरायला निघून गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंत पाहिली. चौदा फूट रुंद, नऊ फूट उंच. मधोमध सिंहासनावर बसलेला ख्रिस्त तेवढा शाबूत आहे, आणि त्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. त्याचा एक हात वर उचललेला, दुसरा खाली दाखवणारा. बाकी दोन्ही बाजूंना नुसते पोपडे.

फादरांनी टाइप केलेला कागद दिला. उजवीकडे नीतिमान लोक, मेंढरं, कबूतर, पेटलेले दिवे, हिरवं झाड. डावीकडे दुष्ट लोक, शेरडं, साप, विझलेले दिवे, वाळलेलं झाड. शेरडं म्हणजे शेळ्या-बोकड, हे मला फादरांना विचारावं लागलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती इथे लिहून ठेवतो. जुन्या चित्रकाराची गडबड झालीय. ख्रिस्ताचा आशीर्वादाचा वर केलेला हात डावीकडे आलाय, आणि 'चालते व्हा' म्हणणारा खालचा हात उजवीकडे, म्हणजे बरोबर चांगल्या लोकांच्या डोक्यावर. इतका मोठा कलावंत आणि इतकी साधी चूक! मी फादरांना बोललो नाही. मेलेल्या माणसाच्या चहाड्या कशाला करायच्या?

६ फेब्रुवारी, गुरुवार

फादरांच्या डोळ्याचं उद्या ऑपरेशन. दोन आठवडे त्यांना धुळीत यायला बंदी. जायच्या आधी बाकावर बसून त्यांनी मला सगळ्या खुणा समजावल्या. कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, साप म्हणजे मोह, दिवा म्हणजे जागं राहणं.

मी विचारलं, "पण शेरडांनी कुणाचं काय वाकडं केलंय?"

फादर हसले. म्हणाले, "काहीच नाही. दिवसभर मेंढरं आणि शेरडं एकाच कळपात चरतात. संध्याकाळी मेंढपाळ त्यांना वेगळं करतो, कारण मेंढराला अंगावर लोकर असते. शेरडाला थंडी वाजते, त्याला आडोसा लागतो. धनगराच्या मनात एवढंच असतं. न्यायनिवाड्याचं आपण माणसं म्हणतो."

"मग ती दुष्टांच्या बाजूला का?"

"चित्रात काहीतरी दाखवावं लागतं ना. वाईटपणाला स्वतःचं तोंड नसतं हो, कुणाचं तरी उसनं घ्यावं लागतं. कुणाचं घेताय, तेवढं जपा."

मी मान डोलावली. शेपट्या कशा काढायच्या याचा विचार करत होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस शेळ्यांच्या गोठ्यात काढला. शेळीची शेपटी वर, मेंढीची खाली लोंबती. हे शोधायला मला शेहेचाळीस वर्षं आणि एक आख्खी दुपार लागली. चित्रवहीची चार पानं एका बोकडानं खाल्ली. त्याचंच चित्र असलेलं पान आधी खाल्लं, त्यावरून चित्र कसं आलं होतं ते कळावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उजवी बाजू रेखाटली. नीतिमानांत सर्वांत पुढे, खांद्यावर कोकरू घेतलेला एक माणूस आहे. त्याला चेहरा हवा होता. माझ्यासमोर तासन्‌तास बसून राहणारा माणूस कुठून मिळणार? शेवटी आरसा टेकवून स्वतःचाच काढला. झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी टेकून बराच वेळ बघत राहिल्या. "पेंटर, नाक जरा सरळ केलंत," म्हणाल्या. चित्रात थोडं सौंदर्य लागतंच, असं मी सांगितलं. "आणि केस?" म्हणाल्या. केसांबद्दल मी काही सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहू की नको असं झालंय. पण दैनंदिनीत तरी खोटं नको.

डावी बाजू काढत होतो. काळी शेरडं छान जमली, माझ्या गायीपेक्षा कितीतरी बरी. त्यांच्या मध्ये दुष्टांचा म्होरक्या. त्याच्यासाठी मी कुणाचाच चेहरा घेणार नव्हतो. पण भुवया काढल्या, हनुवटी काढली, मागे सरून बघतो तर दादा. माझा थोरला भाऊ. पुसायला कापड घेतलं आणि पुसलं नाही. उलट दोन छोटी शिंगं काढली. शिंगं काढताना मजा आली, हेही लिहून ठेवतो.

सहा वर्षं झाली आम्ही बोलत नाही. पाट्यांचं दुकान आप्पांचं, आमच्या वडिलांचं. ते गेल्यावर आम्ही दोघे मिळून चालवत होतो. अक्षर दादाचंच, मी त्याच्या जवळपासही नव्हतो. आप्पांनी जाताना आपली ब्रशची पेटी त्याच्याच हातात दिली होती, आणि ते योग्यच होतं. आणि त्याच माणसानं एके दिवशी छपाईचं यंत्र आणून दुकानात उभं केलं. म्हणाला, "ब्रश पुरे झाले आता." का, तर काही नाही. "जमाना बदललाय." मी आप्पांची पेटी उचलली आणि बाहेर पडलो. त्यानं अडवलंही नाही. दारात उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून.

खिशात हात ही त्याची शेवटच्या वर्षातली नवीन ऐट होती. साहेब झाला होता. बारीक अक्षरांचं काम आलं की म्हणायचा, तू कर, माझा चष्मा घरी राहिला. रोज चष्मा घरी! मोजपट्टी मी धरायची, शिडीवर मी चढायचं, आणि हा कडेला उभा राहून 'वेलांटी जरा मोठी घे' सांगणार. चहासुद्धा दोन्ही हातांनी कप धरून प्यायचा, जसं काही तो चहा नव्हे, मानपत्र आहे. पुतणीच्या लग्नात तर मुलीच्या बापानं करायची सहीसुद्धा वहिनीनं केली. इतका माज मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

शिंगं शोभतात त्याला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साप झाला. मावशींनी विचारलं, "इथे बागेची नळी का ठेवलीय?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळं संपलं! अकरा दिवस हातात ठेवून संपलं. लांबून पाहिलं तर खरंच चांगलं दिसतं, माझं मलाच पटत नाही. उद्या फादर डोळ्यावरची पट्टी काढून येतायत. हिला म्हणालो, मावसभावाला सांग, शिट्टी दुसऱ्या कुणाला तरी द्या. ही म्हणाली, "उद्यापर्यंत थांबू या." हिचा माझ्यावर विश्वासच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फादर आले. भिंतीसमोर उभे राहिले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. मला वाटलं, ऑपरेशन बिघडलं की काय.

"सुंदर काढलंय," ते हळूच म्हणाले. "पण ही सगळी मंडळी बाजू बदलून का बसलीत?"

"कुठे? मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. कागदात होतं तसंच."

"कुणाच्या उजवीकडे?"

मी माझा उजवा हात वर करून दाखवला. फादरांनी माझे खांदे धरले आणि मला उलटा फिरवला. पाठ भिंतीकडे, तोंड रिकाम्या बाकांकडे, ख्रिस्त बसलाय तसा. "आता करा उजवा हात वर," म्हणाले.

केला. तो थेट दादाच्या शिंगांकडे गेला.

उजवी बाजू बघणाऱ्याची नाही, न्याय करणाऱ्याची! जुना चित्रकार चुकला नव्हता. आख्ख्या दोन आठवड्यांत भिंतीवर एकच माणूस बरोबर होता, आणि त्याची चूक मी इथे चार तारखेला लिहून ठेवलीय. तो शेवटच्या न्यायाचा उजवा हात, त्याच्या आशीर्वादाखाली मी काळी शेरडं, साप आणि सख्खा भाऊ बसवलाय. आणि 'चालते व्हा'च्या हाताखाली सरळ नाकाचा मी, कोकरू घेऊन.

फादर एक शब्द वाईट बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मधली आकृती हलवता येत नाही. सगळं खरवडलं तर ओला गिलावा निखळून येईल. एकच उपाय. माणसं आहेत तिथेच ठेवायची आणि बाकी सगळ्याची अदलाबदल करायची. वाळक्या झाडाला पालवी, हिरव्याची पानं उतरवायची. हे दिवे पेटवायचे, ते विझवायचे. मेंढरांना शिंगं लावून शेपट्या वर करायच्या, शेरडांची शिंगं पुसून शेपट्या खाली करायच्या.

पांढऱ्याचं काळं करायला रंगाचा एक हात पुरतो. काळ्याचं पांढरं करायला तीन हात मारावे लागतात, आणि मधला प्रत्येक हात वाळू द्यायचा, नाहीतर खालचा काळा वर डोकावतो. अकरा काळी शेरडं, दिवस नऊ, माणूस एक.

ही म्हणाली, "भाऊजींना बोलवा."

मी म्हणालो, "त्यापेक्षा मी शिट्टी वाजवीन."

हिनं भांडी जरा जोरात आपटली.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवसांत तीन शेरडं झाली. मेंढरं नाही झाली, आजारी शेरडं झाली. काळा रंग वर येतोच आहे. खांदा उचलत नाही. शिडीवर बसून मी आज रडलो. मावशींनी पाहिलं आणि त्या मुकाट्यानं दुसरीकडचा केर काढायला गेल्या, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दुपारी दार वाजलं. मला वाटलं फादर. दादा होता. केस सगळे पांढरे झालेत. हात खिशात.

हिनं बोलावलं होतं. हिचं आणि वहिनीचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं, हे मला आज कळलं. सहा वर्षं मी घरात ताठ मानेनं एकट्यानंच भांडत होतो.

दादा भिंतीसमोर उभा राहिला. स्वतःच्या तोंडापर्यंत आला, थांबला. शिंगं बघितली. मी शिडीवरून उतरलोच नाही. उतरलो असतो तर पाय धरावे लागले असते.

"कान मोठे काढलेस," तो म्हणाला.

"आहेतच मोठे," मी म्हणालो. सहा वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य.

मग मी काय झालं ते सगळं सांगितलं. उजवा हात, डावा हात, जुना चित्रकार. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हसायला लागला. हसता हसता बाकावर बसला. "अरे, तू काचेवर आतून उलटं लिहिणारा माणूस! बाहेरच्याला सुलट दिसावं म्हणून आयुष्यभर दुकानाच्या आत उभा राहून उजव्याचं डावं केलंस. आप्पा म्हणायचे, उलटं लिहावं तर धाकट्यानं. आणि तुला एकदाही आतल्या माणसाच्या जागी उभं राहावंसं वाटलं नाही?"

नाही वाटलं. काय सांगणार!

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे नीट लिहायचंय.

सकाळी दादा आला. सदरा काढून ठेवला, म्हणाला, "रुंद ब्रश दे. पांढरा हात मी मारतो, बारीक तू बघ." मी आप्पांची पेटी उघडली आणि रुंद ब्रश पुढे केला. त्यानं खिशातून हात काढला.

हात थरथरत होता. थोडासा नाही. ब्रश घेताना त्याची दांडी पेटीवर टकटक वाजली. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तेव्हा कुठे वाजायची थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"यंत्र आणलं त्याच्या वर्षभर आधीपासून."

चष्मा घरी राहिला नव्हता. चहाचा कप मानपत्र नव्हता. पुतणीच्या लग्नातली सही. दारात, हात खिशात. मी चौदा तारखेला वर लिहिलंय ते पान आत्ता उलटून वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. ते पान फाडणार नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

त्यानं ब्रशचे केस बोटानं सारखे केले. "आप्पांनी पेटी माझ्या हातात दिली होती. तो हात गेला, हे धाकट्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? वाटलं, यंत्र आणलं म्हणून चिडशील. चिडलेला परवडला. कीव केलेली नसती परवडली."

"मी पेटी घेऊन गेलो, तेव्हा अडवायचं तरी."

"पेटी तुझ्याकडे जायलाच हवी होती. फक्त तू अशी हिसकावून नेशील असं वाटलं नव्हतं."

मी त्याच्यासाठी शिडी धरली. आज शिडी मी धरली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज एक चमत्कार झाला. चर्चमध्ये हा शब्द जपून वापरायचा असतो, पण तरीही.

पांढरे हात वाळले. शेरडं पांढरी झाली, पण मेंढरं होईनात. मी बारीक ब्रशनं एकेक लोकर काढत होतो, आणि ती दिसत होती तारांच्या घासणीसारखी. दादा खालच्या कोपऱ्यात पांढरा भरत होता. त्याचा ब्रश जवळजवळ कोरडा झाला होता, हात थरथरत होता, आणि जिथे ब्रश टेकत होता तिथे लहान लहान, मऊ, एकमेकांत गुंतलेले कुरळे उमटत होते. लोकर! हात घालावासा वाटेल अशी.

"थांब," मी ओरडलो. तो दचकला. "बिघडलं का?"

"बघ तरी, काय काढलंयस!"

त्यानं बघितलं. मग मनगट धरलेला दुसरा हात त्यानं सोडून दिला. दिवसभर सोडलेलाच ठेवला. अकराच्या अकरा मेंढरं त्यानं काढली. मी सापाचं विसर्जन केलं, त्याच्या वेटोळ्यांचा झरा केला. बागेची नळी होतीच, पाणी आपोआप जमलं. नवा साप पलीकडे, माझ्या पायाशी काढला.

मावशी म्हणाल्या, "ही मेंढरं कोणी काढली?" मी दादाकडे बोट दाखवलं. "वाटलंच," म्हणाल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाची शिंगं पुसली. राहिला माझा चेहरा, आता शेरडांच्या म्होरक्याचा. फादर म्हणाले, हवं तर दुसरा कुणाचा तरी काढा, वेळ आहे. दादाही म्हणाला, पुसून टाक, उगाच लोक हसतील.

नाही पुसला. नाक तेवढं होतं तसं केलं, वाकडं. केसही होते तेवढेच ठेवले. दोन शिंगं लावली. कोकरू काढून टाकणार होतो, पण ते खांद्यावर इतकं निवांत बसलं होतं की हात धजेना. त्याचंच करडू केलं. फादरांनी सांगितलं होतंच, त्यांना थंडी वाजते.

हिला दाखवायला आणलं. बराच वेळ बघून ही म्हणाली, "आता ओळखू येता."

२ मार्च, रविवार

बिशप आले. चर्च गच्च भरलं होतं. भिंतीवरचा पडदा सरकला तेव्हा मी खांबाला टेकून उभा राहिलो.

बिशप थेट खालच्या कोपऱ्यापाशी गेले आणि वाकून लोकर बघत राहिले. "हा कुणाचा हात?" त्यांनी विचारलं.

दादा माझ्या शेजारी उभा होता, हात खिशात. मी गप्प राहिलो. हे सांगायचं काम माझं नव्हतं. मग त्यानं हात बाहेर काढला, तसाच, थरथरता, सगळ्यांदेखत. "माझा," म्हणाला. बिशपांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाताना फादर दादाला म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता ना, एकदा भिंत त्याच्याकडे द्या, बाकीचं होईल. झालं." हे नक्की कशाबद्दल ते विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

बाहेर पायऱ्यांवर दोन बाया माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "अगं, आतला तो शिंगवाला!" मी वाकून नमस्कार केला.

घरी निघताना दादा म्हणाला, "उद्या नऊला दुकानात ये. एका चष्मेवाल्याची काच आलीय, आतून लिहायची आहे. यंत्राला नाही जमत."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "मावसभावाला मी गुरुवारीच 'नको' म्हणून कळवून टाकलंय."

"येतो," मी म्हणालो. "पेटी घेऊन येतो."

"ये," दादा म्हणाला. "उजवं-डावं मी सांगेन, तू फक्त लिही."